एकेचाळीस नंबरचं दार

जुनं घर घ्यायला गेलो की मी आधी भिंत पाहत नाही, छप्परही पाहत नाही. दारावर बोटाची गाठ वाजवतो. साग असेल तर आवाज कोरडा आणि भरीव येतो, आडजात लाकूड असेल तर बसका. आत वाळवी शिरली असेल तर आवाज तिथंच मरतो. तीस वर्षं मी हाच धंदा केला. उभी घरं विकत घ्यायची, उतरवायची, आणि त्यातली दारं, चौकटी, छपराचे फाटे आणि कवेलू, टिनं वखारीत आणून विकायची. बापानं मला काही ठेवलं नव्हतं. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी पाठीवर वाहून मी पहिली हातगाडी घेतली, आणि त्या हातगाडीवरून वखारीपर्यंत आलो ते भाव करता करता. भाव करण्यात मला या तालुक्यात कुणी हरवलेलं नाही, हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढं जे झालं ते त्यामुळंच झालं, म्हणून सांगतो.

गावात माझ्या माघारी मला 'घरखाऊ' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती होत नाही, कारण मला राग लवकर येतो हे सगळ्यांना माहीत आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. पण ज्या घरांची ही गोष्ट आहे त्यांची वाट ज्यानं लावली तो पेन्शन खातो आणि मला 'घरखाऊ' म्हणतात, हे मला अजून पचलेलं नाही.

कापसाच्या कर्जानं खेडी रिकामी करायला सुरुवात केली, त्या वर्षांतली ही गोष्ट. आठवड्यातून दोनदा तरी मला निरोप यायचा, की अमक्या गावात घर उतरवायचं आहे. मोटरसायकल काढायचो आणि झरी जामणीच्या जंगलापासून कळंबपर्यंत फिरायचो. पण सगळेच घर मला विकत नसत. आमच्याकडं गाव सोडणाऱ्यांची एक रीत होती. ते दार काढून सोबत न्यायचे. भिंत मातीची, ती कुठंही उभी करता येते. दार मात्र आजोबानं किंवा पणजोबानं जंगलातून साग आणून करवलेलं, ते पुन्हा होत नाही. बैलगाडीत दार आडवं टाकायचं, त्यावर भांडी, भांड्यांवर म्हातारी माणसं, आणि निघायचं.

अशी दारं आमच्या गावात जिनिंगच्या मागं येऊन लागली. तिथं नाल्याच्या काठानं नगरपरिषदेची पडीक जमीन होती. त्यावर साठेक झोपड्या उभ्या राहिल्या. बांबूच्या तट्ट्या, त्यावर मातीचा लेप, वर टिन नाहीतर ताडपत्री. आणि प्रत्येक झोपडीला खेड्यातलं सागाचं दार. लांबून पाहिलं तर हसू यायचं, भिकाऱ्यानं रेशमी फेटा बांधावा तसं. मला मात्र हसू येत नसे. मी मनात दारं मोजायचो. त्या वस्तीतले लोक हंगामात जिनिंगमध्ये कापूस निवडत आणि बाकी दिवस शेतात मजुरीला जात. एक वर्ष जिनिंग चाललं, पुढच्या वर्षी अर्धा हंगाम चाललं, मग बंदच झालं. सकाळचा भोंगा थांबला. कितीतरी दिवस वस्तीतली कुत्री भोंग्याच्या वेळेला उठून फाटकाकडं बघत बसायची.

त्याच सुमारास नगरपरिषदेत एक तरुण मुख्याधिकारी आले. माणूस चांगला होता, हे मी शत्रू असतो तरी सांगितलं असतं. स्वतः वस्तीत आले, झोपडीत वाकून शिरले, लोट्यातलं पाणी प्याले. त्यांनी घरकुलाची योजना आणली. त्याच जागेवर पक्की घरं बांधायची, रांगेनं, प्रत्येकाला एक खोली, स्वयंपाकघर आणि संडास. अट एवढीच, की माणूस आधीपासून तिथं राहत असला पाहिजे. नाहीतर उद्या आजूबाजूच्या दहा गावांतले लोक येऊन झोपड्या टाकतील. म्हणून मोजणीचा हुकूम निघाला.

मोजणी कापूस वेचणीच्या दिवसांत झाली. ज्या दिवसांत वस्तीत म्हातारे आणि कोंबड्या सोडून कुणी नसतं, नेमके ते दिवस. कार्यालयात बसलेल्यांना ते कळायचं कारण नव्हतं. आमच्याच मातीत वाढलेल्या ओव्हरसियरला कळायला पाहिजे होतं. ओव्हरसियर म्हणजे बांधकाम खात्याचा माणूस. मोजणी त्याच्याकडं होती. पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन तो आणि एक शिपाई फिरले. भिंतीवर नंबर टाकून उपयोग नव्हता, बाया सणासुदीला भिंती सारवतात. म्हणून त्यांनी नंबर दारावर टाकले. ज्या घरात माणूस भेटला तिथं वहीत नाव लिहिलं. जिथं कडी लागलेली होती तिथं दारावर नंबर टाकला, आणि वहीत त्या नंबरासमोर लिहिलं 'दार बंद'. नाव नंतर येऊन लिहू, असं त्यांनी शेजारच्या म्हातारीला सांगितलं. ते काही आले नाहीत.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हे वाक्य मी पुष्कळ जणांना पुष्कळ वेळा सांगितलं आहे आणि ते खरं आहे.

वेचणी संपली आणि हुकूम आला, जागा मोकळी करा. लोकांसाठी जिनिंगच्या बंद पडलेल्या मैदानात नगरपरिषदेनं टिनाची शेड उभी केली. मधे गोणपाटाचे पडदे लावले की झाल्या खोल्या. शेडला दार लावायची सोय नव्हती, आणि नवीन घरांना लोखंडी दरवाजे येणार होते. मी लगेच वस्तीत गेलो. एका आठवड्यात जवळजवळ सगळी दारं घेतली. लोक खुशीत होते. घर मिळणार होतं, आणि खुशीतला माणूस भाव नीट करत नाही.

फक्त एक बाई देत नव्हती. जिनिंगमध्ये कापूस निवडणारी, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. नवरा वारलेला, मुलगी झरीकडं दिलेली, घरात एकटी. जिनिंगमध्ये मी गाठी वाहत होतो तेव्हा ती गावाहून हंगामापुरती कामाला यायची, तेव्हापासून मला ओळखायची. मी बाकीच्यांकडून दारं उतरवत होतो आणि ती दाराला पाठ लावून डाळ निवडत बसली होती.

"हे मी विकत नाई," ती म्हणाली.

"काहून?"

"माह्या सासूनं आणलं हे. गाव सोडलं तवा या दारावर बसून आलो आम्ही."

"मंग आता त्याच्यावर झोपसान काय?"

"झोपीन. तुमच्या खाटीपेक्षा बरं हाय."

मी हसलो. बोटाची गाठ वाजवली. असा आवाज मी त्या वस्तीत दुसऱ्या दारातून ऐकला नव्हता. अखंड फळ्या, कुठं सांधा नाही. दाराच्या मधोमध पांढऱ्या रंगात एकेचाळीस लिहिलेलं होतं. तिनं त्यावर तळहात ठेवला.

"अन् याच्यावर नंबर हाय न, भाऊ. शेजारची बुढी सांगे, नंबरवाला म्हणे पुसू देऊ नका."

"नंबर त्याच्या वहीत बी हाय. दार काय वही हाय का? बाई, नव्या घराले लोखंडी दरवाजा येते. ओव्हरसियर म्हणून राह्यला, जुनं लाकूड आत चालत नाई. हे दार घेऊन शेडमध्ये कुठं ठेवसान? वाळवी खाईन."

ओव्हरसियर असं म्हणाला होता, पण छपराच्या फाट्यांबद्दल. दाराबद्दल नाही. भाव करताना माणूस अर्धं खरं बोलतो, आणि अर्धं खरं म्हणजे खोटं नाही, असं मी तोवर मानत आलो होतो. ती दोन दिवस अडून राहिली. तिसऱ्या दिवशी ती हरली, म्हणजे थकली. सगळीकडं दारं गेलेली, तिच्या आजूबाजूला नुसत्या चौकटींच्या जागची भगदाडं, आणि त्यांतून नाल्याकडचा वारा शिट्टी वाजवत येत होता. माझ्या माणसांनी दार उचललं तेव्हा ती आत भांडी बांधत होती. बाहेर आली नाही.

दारं वखारीत आली की पुढचं काम चाचांचं. चाचा म्हणजे माझा सुतार, साठी उलटलेला मुसलमान कारागीर. जुन्या दारावर रंगाचे चार-चार थर असतात. ते काचेच्या तुकड्यानं खरवडायचे, मग पॉलिश कागद मारायचा. खालची सागाची रेघ दिसली की नागपूरचं आणि राजूरचं कोळशात पैसा केलेलं गिऱ्हाईक भाव न करता दार उचलतं. माझ्या वखारीत हा नियमच होता, की नवा माल आला की आधी खरवडायचा. पण त्या दिवसांत माल इतका आला होता की चाचांचा हात तिथवर पोचला नव्हता. वस्तीतली दारं मागच्या भिंतीला जशी आली तशी उभी होती, नंबरांसकट.

घरं बांधायला सुरुवात झाली आणि मग पहिली अडचण आली. नाल्याच्या काठापासून किती अंतर सोडायचं, याचा काही नियम निघाला. जागा कमी झाली. घरं कमी झाली. मग वहीची पुन्हा तपासणी करायचं ठरलं. ज्यांची नावं वहीत होती त्यांचा प्रश्न नव्हता. 'दार बंद' असे चौदा निघाले. त्यांनी आपलं दार दाखवायचं. नंबर वहीशी जुळला आणि दोन साक्षीदारांनी दार ओळखलं, तर नाव लागणार. नाहीतर जागा पुढच्याला.

ओव्हरसियर माझ्या वखारीत आला तो मे महिन्यात, भर दुपारी. त्याच्या हातात पिवळी फाईल होती.

"शेठ, आमची काही दारं तुमच्याकडं आहेत म्हणे."

"तुमची? मी तं विकत घेतली, साहेब."

"पाहायची आहेत फक्त. चौदा दारं. नंबर मिळवायचे आहेत."

मला त्या क्षणी कळलं की माझ्याकडं काय आहे. आणि मला राग आठवला. माझी वखार रस्त्याच्या कडेला होती, आणि याच ओव्हरसियरनं मला अतिक्रमणाच्या दोन नोटिसा दिल्या होत्या. वीस वर्षं मी त्या जागेवर बसलो. मी हमाली करत होतो तेव्हा माझी झोपडी याच नगरपरिषदेनं पाडली होती, आणि मला कुणी घरकुल दिलं नव्हतं, शेडही दिली नव्हती. मी आणि माझी बायको तीन महिने जिनिंगच्या ओट्याखाली झोपलो होतो.

"पाहा न," मी म्हणालो. "पण हे वखार अतिक्रमणात हाय म्हणता. अतिक्रमणाच्या जागेत सरकारी माणसानं पाय कसा ठेवावा?"

तो हसला. "नोटीस वेगळी, हे वेगळं."

"तुमच्यासाठी वेगळं असन. माह्यासाठी एकच हाय. आधी नोटीस वापस घ्या, मंग दारं पाहा. गाडीत घालून कार्यालयात आणून देतो, वरून चहा पाजतो."

"विचार करा, शेठ."

"तुम्ही बी करा."

तो गेला आणि मी वखारीच्या फाटकाला कुलूप लावलं. भावाचा पहिला धडा असा आहे, की जो आधी बोलतो तो हरतो. बैलबाजारात मी माणसं पाहिली आहेत जी रुमालाखाली हात धरून अर्धा तास एक शब्द न बोलता बसतात. मलाही थांबता येत होतं. एक गोष्ट मात्र मी विसरलो. सरकारी माणसाला थांबायचा पगार मिळतो.

बातमी शेडमध्ये पोचली. दुसऱ्या दिवसापासून ती बाई वखारीसमोर येऊन बसायला लागली. फाटकाबाहेर मी कुठल्याशा घरातून आणलेलं दगडी उखळ उलटं पडलं होतं, त्यावर ती बसायची. बाकीचे तेरा येऊन हात जोडून गेले, शिव्या देऊन गेले. ती रोज यायची, ऊन चढेपर्यंत बसायची, काही मागायची नाही. मला ते जास्त खुपायचं.

"बाई, घरी जा. मी तुमच्यासाठीच भांडून राह्यलो."

"घर कुठं हाय, भाऊ? शेडमध्ये तं टिन तापून राह्यलं. काल एका पोराच्या पाठीले फोड आले."

"आठ दिवस. तो ओव्हरसियर येते पाहा वाकत."

वखारीच्या आतून आवाज येत होता. खर्र, खर्र. मधे थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. ती ऐकत होती.

"आत काय चालू हाय?"

"काम."

"गिऱ्हाईक तं नाई."

"गिऱ्हाईक नसलं म्हणून हात बांधून बसावं का माणसानं?"

खरंच गिऱ्हाईक नव्हतं. फाटक बंद म्हणजे बाजार बंद. चाचा मागच्या दारानं येत आणि बसून राहत. पहिल्याच दिवशी मी त्यांना चिडून म्हणालो होतो, की रिकामे बसू नका, जे पडलं आहे ते करून टाका. ते बोलून मी विसरलो. माझं सगळं डोकं त्या नोटिशीत होतं. तो आवाज मी दिवसभर ऐकत होतो, आणि तो कशाचा आहे हे मला विचारावंसं वाटलं नाही. वीस वर्षं ऐकलेला आवाज माणसाला ऐकू येत नाही.

सहाव्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्याशी भांडल्यासारखं बोलली. तेही आवाज न चढवता.

"भाऊ, सौदा तुम्ही करून राह्यले. पण सौद्यात मांडलं ते माह्यं हाय."

माझं डोकं फिरलं. रस्त्यावर लोक थांबले इतका मी ओरडलो. "मले कोणं घर देल्लं होतं? तुम्ही पाह्यलं नाई काय, आम्ही ओट्याखाली झोपलो तवा? कोण आलतं तवा वही घेऊन?"

"कोणी नाई आलं," ती म्हणाली. "म्हणून तं तुम्हाले समजाले पायजे."

तिनं पदर डोक्यावर घेतला आणि ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. उखळ रिकामं दिसलं की मी फाटकाकडं पाठ करून बसायचो.

नवव्या दिवशी कळलं की मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली. सकाळी हुकूम आला आणि दुपारी ते गेलेही. घरांसाठी मुख्याधिकारीच त्याला नोटीस मागं घ्यायला लावतील, या भरवशावर मी ओव्हरसियरला दाबत होतो, आणि तेच उठून गेले. संध्याकाळी ओव्हरसियर आला. सोबत शिपाई, दोन पंच, आणि मागून शेडमधले ते चौदा जण. तीही होती, सगळ्यात मागं.

"यादी उद्या सकाळी जिल्ह्याला जाते," ओव्हरसियर म्हणाला. "उघडता की नाही? नाही उघडलं तर मी लिहितो, की दारं उपलब्ध झाली नाहीत."

मी उघडलं. नोटिशीबद्दल एक शब्द काढला नाही. मनात म्हटलं, हरलो, पण दारं तर आहेत.

मागच्या भिंतीला दारं ओळीनं उभी होती. संध्याकाळच्या उन्हात ती सोन्यासारखी चमकत होती. समोरची सगळी स्वच्छ, सागाची रेघ अशी उठलेली, जशी काल करवतलेली. खाली जमिनीवर रंगाचा भुगा पडला होता. निळा, हिरवा, आणि मधे मधे पांढरा.

चाचा हातात काचेचा तुकडा घेऊन उभे होते. माझा चेहरा पाहून त्यांनी तो खाली टाकला.

"सेठ, आपनेच तो बोले थे, खाली मत बैठो."

मी चाचांच्या अंगावर धावून गेलो नाही, एकेक दार पाहत पुढं गेलो. त्या चौदांतली शेवटची पाच दारं त्यांच्या हातून सुटली होती, त्यांच्यावर नंबर होते. ती पाच जुळली. ते पाच जण रडले, एकानं माझे पाय धरले, त्याचं मला फार वाईट वाटलं. बाकी नऊ दारांशी लोक उभे राहिले. आपलं दार सगळ्यांना ओळखता येत होतं. ज्या दारातून माणूस वाकून आत गेला ते दार तो अंधारातही ओळखतो. ती बाई एका दाराजवळ गेली, कडीच्या खाली तिनं बोट घातलं. तिथं एक खाच होती.

"गाईनं शिंग मारलं होतं," ती ओव्हरसियरला म्हणाली. "माह्या लग्नाच्या साली."

ओव्हरसियरनं बोट ओलं करून लाकडावर फिरवलं, तिरपा होऊन पाहिलं. काही नव्हतं. चाचांचा हात चांगला होता.

"बाई, दार तुमचंच असेल. मला दार नको. नंबर पाहिजे."

"मी साक्ष देतो," मी म्हणालो. "मी हे एकेचाळीस नंबरच्या झोपडीतून या बाईच्या हातून घेतलं. कागदावर लिहून देतो. या नऊही जणांचं देतो."

त्यानं फाईल मिटली. "शेठ, नऊ दिवस तुम्ही ही दारं माझ्यापासून बंद करून ठेवली. उद्या वरून कुणी विचारलं तर मी काय सांगू? दारं अडवून ठेवणाऱ्या माणसाच्या शब्दावर घरं दिली?"

तो बरोबर बोलला होता, आणि त्यामुळंच मी त्याला कधी माफ केलं नाही. मी त्याची गचांडी धरली. त्याच्या शर्टाचं बटण तुटलं, फाईल खाली पडली, शिपाई मधे आला. पंचनाम्यात मग दोन वाक्यं लिहिली गेली. वखारमालकानं कामात अडथळा आणला, आणि त्याची साक्ष ग्राह्य धरू नये. त्या दोन वाक्यांवर दोन्ही पंचांनी सह्या केल्या. ती नऊ घरं माझ्या त्या एका हातानं गेली, असं लोक म्हणतात. पण मी आजही विचारतो, मोजणी झाल्यापासून पुढं सहा महिने तो माणूस काय करत होता? वही आणि पेन घेऊन एक दुपार शेडमध्ये बसला असता तर चौदा नावं लिहून झाली असती. चौदा नावं लिहायला कितीसा वेळ लागतो? हे मी नव्या मुख्याधिकाऱ्यांना विचारलं, नगराध्यक्षांना विचारलं, जिल्ह्याला जाऊन विचारलं. सगळे म्हणाले, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण यादी गेली.

घरं झाली. आज जाऊन पाहा, चांगली आहेत, लोक राहतात. बायांनी दारात तुळशी लावल्या आहेत. नगरपरिषदेनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. जे आत गेले त्यांना त्यांनी घर दिलं.

पुढच्या वर्षी जूनच्या तोंडावर शेड काढायचा हुकूम आला. ज्यांना घरं मिळाली ते आधीच गेले होते. नऊ जणांचे गोणपाटाचे पडदे तेवढे उरले होते, लांब टिनाखाली दूर दूर, मधे रिकामं. शेड काढणाऱ्या माणसांनी नव्या घरांकडच्या बाजूनं टिनं सोडवायला सुरुवात केली. सावली हळूहळू त्या नऊ जणांकडं सरकत गेली. मी गेलो होतो. मी ओरडलो, मुकादमाला शिव्या दिल्या, पाना हिसकावला. त्यानं दुसरा पाना काढला.

तिनं हातगाडी ठरवली होती. दोन गाठोडी, एक पेटी, चूल.

"कुठं चालले?"

"पाहीन. पोरीकडं झरीले जाईन. नाईतं घाटंजीकडं, कापसाचं काम भेटलं तं."

"बाई, दार घेऊन जा. टेम्पोत टाकून देतो, म्हणान तिथं पोचवतो. मले काई नको त्याचं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती भांडली असती तर मी जिंकलो असतो. काहीतरी करून, काहीतरी देऊन, मी तो सौदा मिटवला असता.

"कुठं लावू, भाऊ?" ती म्हणाली.

मी म्हणालो, की मग ठेवतो, जागा झाली की कळवा. तिनं मान हलवली. दुकानदार म्हणतो ना, खराब निघालं तर वापस आणा, त्यावर आपण हलवतो तशी. हातगाडीवाल्यानं गाडी वळवली.

त्या वर्षी वेचणी सुरू झाली तेव्हा एक लाकूडवाला म्हणाला, की घाटंजीच्या रस्त्यानं एका शेतात ती दिसली होती. बहुतेक तीच. मी दुसऱ्याच दिवशी मोटरसायकल काढली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता आणि प्रत्येक शेतात बायांच्या रांगा वाकलेल्या. उन्हासाठी आणि धुळीसाठी सगळ्यांनी तोंडाला फडकी गुंडाळलेली, नुसते डोळे दिसायचे. मी तीन शेतांपाशी थांबलो. बांधावर उभं राहून तिला हाक मारली, तोंडाभोवती हात धरून, मोठ्यानं. प्रत्येक शेतात बाया सरळ झाल्या, माझ्याकडं पाहिलं. मी थांबलो. मग त्या एकेक करून पुन्हा वाकल्या.